शेतातलं खत ओढ्यात का जातं? महात्मा फुल्यांनी १८८३ सालीच उपाय सांगितला होता

मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी'. महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव घेतलं की या गोष्टी लगेच आठवतात. पण याच माणसाने १८८३ साली सरकारला एक वेगळंच काम सांगितलं होतं. पावसाच्या पाण्याबरोबर शेताचा कस ओढ्या-नाल्यांत वाहून चाललाय. तो अडवायचा असेल तर सैन्यातले आणि पोलिसांतले रिकामे शिपाई कामाला लावा आणि शेतांत बंधारे बांधा, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही मागणी त्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात आहे. असूडमधला सावकार, भटशाही आणि सरकारी कर यांच्यावरचा हल्ला अनेकांना माहीत असतो. त्यातला माती, शेण, पालापाचोळा आणि वळवाचं पाणी यांचा हिशोब मात्र फारसा सांगितला जात नाही. आज शेतीतून वाहून जाणाऱ्या नत्र-स्फुरदाची जगभर चर्चा होते. फुल्यांकडे हे शब्द नव्हते, पण प्रश्न हाच होता.

फुल्यांना हे सुचलं कुठून? त्यात तथ्य किती होतं? आणि पवना, इंद्रायणी, भामा या नद्यांच्या काठी आज उरलेल्या शेतीला त्याचा काय उपयोग? समजून घेऊया.

शाळा सुटली आणि शेत हाती आलं

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण, तिथून हे कुटुंब पुरंदरच्या खानवडीत आणि मग पुण्यात आलं. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. वडील गोविंदराव माळीकाम करायचे, भाजीपाल्याचा व्यवसायही होता. जोतीराव अगदी लहान असताना आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळलं.

मराठी शाळेत काही वर्षं काढल्यावर जोतीरावांचं शिक्षण थांबलं. माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचंय, असा सल्ला वडिलांना मिळाला होता. मुलाच्या हातातली पाटी गेली आणि खुरपं आलं. पुढची काही वर्षं जोतीराव शेतात राबले. शेजारी राहणारे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. या वेळी स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत.

चरित्रांमध्ये ही मधली वर्षं शिक्षणातला खंड म्हणून येतात. पण मातीची ओळख याच वर्षांत झाली. पहिल्या जोरदार सरीत वाफ्यातली माती कशी सरकते, उताराच्या खालच्या टोकाला पीक जास्त का माजतं, शेणखत टाकलेल्या आणि न टाकलेल्या सरीत फरक काय पडतो, हे माळ्याच्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मिळून उभं केलेलं शिक्षणाचं काम. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करणं. १८७३ साली 'गुलामगिरी' आणि सत्यशोधक समाज.

कंत्राटदार, शेतकरी आणि नगरपालिकेचा सदस्य

या सगळ्याला पैसा कुठून यायचा? फुले व्यवसाय करत होते. बांधकामाची कंत्राटं घेत होते, मालाचा पुरवठा करत होते. खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं, तेव्हा त्या कामाशीही त्यांचा संबंध आला. दगड, चुना, मजूर, ओव्हरसिअर, इंजिनिअर हा सगळा कारभार त्यांनी जवळून बघितला. पाणी अडवायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि त्यात पैसा कुठे मुरतो, हे दोन्ही त्यांना कळलं.

खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं पाणी हडपसर, मांजरीकडे गेलं. कालवा नवा होता. पाणीपट्टी भरून हे पाणी घ्यायला शेतकरी बिचकत होते. फुल्यांनी मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस, फळं, भाजीपाला अशी बागायत करून दाखवली.

१८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला त्यांनी निवेदन दिलं. त्याखाली सही करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सदस्य अशी करून दिली. शिक्षणावरच्या निवेदनातही शेतकरी ही ओळख त्यांना महत्त्वाची वाटली होती.

मांजरीचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. पवना नदी मावळातून निघते, चिंचवड-पिंपरीवरून येते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. पुण्यात संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात आणि ही मुळा-मुठा पुढे मांजरीवरून वाहत जाते. आज ज्याला पिंपरी-चिंचवड म्हणतात, तिथल्या माळांवरून आणि शेतांवरून धुऊन आलेलं पाणी मांजरीच्या शेजारून जात होतं. पावसाळ्यातल्या त्या गढूळ पाण्यात वरच्या गावांची माती असायची.

सरकार कर्जाकडे बघत होतं, फुले जमिनीकडेही

१८७५ साली सुप्यापासून दख्खनचे दंगे सुरू झाले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली. त्यानंतर लगेच १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला. फुले पती-पत्नीने धनकवडीत दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली.

दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारांपासून थोडं संरक्षण देणारा कायदा आला. सरकारी उत्तराचा भर कर्जावर होता.

फुल्यांनाही सावकार दिसत होता. असूडमध्ये त्यांनी सावकार, कुलकर्णी, भट, कोर्टकचेऱ्या आणि दर तीस वर्षांनी वाढणारा शेतसारा यांच्यावर कोरडे ओढले आहेत. पण शेतकरी कर्ज का काढतो, याच्या मुळाशी जाताना त्यांनी आणखी एक कारण मांडलं. जमीन पूर्वीइतकं पिकवत नव्हती.

का? कारणांची त्यांची साखळी साधारण अशी होती. पूर्वी शेतकरी जमीन आळीपाळीने पडीक टाकायचे, तिला विसावा मिळायचा. आता माणसं वाढली, जमीन तेवढीच राहिली, त्यामुळे पड टाकणं परवडेना. डोंगरातला पाला, गवत, सरपण आणि गुरांची चराई यांवर जंगलखात्याने बंदी आणली. १८७८ च्या वनकायद्यानंतर ती आणखी कडक झाली. चराई गेली तसं शेतकऱ्याच्या दावणीचं जनावर कमी झालं. जनावर कमी म्हणजे शेण कमी, शेण कमी म्हणजे खत कमी.

मावळात आणि खेडच्या पश्चिम भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. झाडांच्या फांद्या, पाला, गवत आणि शेण थरांनी पसरून भाजलेल्या जमिनीवर रोप टाकायचं. जंगल बंद झालं की राबाचा पालाही बंद. असा असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली जंगलांविषयी आयोग नेमावा लागला.

म्हणजे खताचा प्रश्न फुल्यांसाठी केवळ शेतकऱ्याच्या शहाणपणाचा नव्हता. शेतकऱ्याला खत मिळू शकतं की नाही, हे सरकारी धोरण ठरवत होतं.

असूडमधला बंधारा

पुस्तकाच्या शेवटच्या भागात फुले उपायांकडे वळतात. तिथे ते पाण्याची वाट शेवटपर्यंत सांगतात. डोंगरावरचं गवत, झाडांची पानंफुलं, मेलेले किडे-पक्षी-जनावरं हे सगळं कुजतं. त्यात जमिनीला लागणारं सत्त्व असतं. पाऊस ते धुऊन खाली आणतो. पाणी शेतात थांबलं तर हे सत्त्व शेताला मिळतं. पाणी वेगाने निघून गेलं तर ते ओढ्यात, नदीत आणि पुढे समुद्रात वाया जातं.

म्हणून त्यांनी जागोजाग तालीसारखे बंधारे बांधायला सांगितलं. वळवाचं पाणी आधी शेतात मुरावं आणि मगच नदी-नाल्याला मिळावं, अशी त्यांची रचना असावी. काम सरकारने करावं आणि त्यासाठी शिपाई वापरावेत. त्यांना मोकळ्या हवेत व्यायाम होईल, तब्येत सुधारेल आणि शेतंही सुपीक होतील, असा हिशोब त्यांनी मांडला.

याच्या जोडीला आणखी मागण्या होत्या. तळ्यांतला आणि नद्यांतला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा नेऊ द्यावा. गायरानं गावांना परत करावीत. चांगल्या जातीची जनावरं आणून शेतकऱ्याकडे पैदास वाढवावी. कालव्याचं पाणी शेताशेताला तोट्या बसवून मोजून द्यावं. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्यावं, प्रदर्शनं भरवावीत, चांगल्या नांगरटीला बक्षिसं द्यावीत.

या मागण्या नीट पाहिल्या तर त्या एकमेकींना जोडलेल्या दिसतात. गायरान असेल तर जनावर, जनावर असेल तर शेण. शेण टिकवायचं तर माती टिकली पाहिजे, माती टिकवायची तर बंधारा हवा. आणि जे वाहून गेलंच, ते गाळ उपसून परत आणायचं.

हे विज्ञानात बसतं का?

बसतं. फुल्यांनी ज्याला सत्त्व म्हटलं, त्यात आजच्या भाषेत नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय पदार्थ येतात. ते शेतातून दोन वाटांनी जातात.

पहिली वाट मातीची. पावसाचा मोठा थेंब उघड्या ढेकळावर आदळतो आणि ढेकूळ फुटतं. सुटलेले बारीक कण जमिनीची छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वरून वाहू लागतं आणि जाताना हेच बारीक कण घेऊन जातं. जड वाळू मागे राहते. स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ बारीक कणांनाच चिकटलेले असतात. त्यामुळे शेतातून जाणारी माती ही मागे राहणाऱ्या मातीपेक्षा जास्त कसदार असते. बोटभर माती गेली तर जमीन अजून आहेच, असं वाटतं. पण गेलेला थर सगळ्यात चांगला असतो.

दुसरी वाट पाण्याची. नत्राचं नायट्रेट हे रूप पाण्यात सहज विरघळतं. ते वाहत्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं किंवा खाली झिरपून विहिरीत उतरतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बांध घातल्याने माती आणि स्फुरद अडतो, पण पिकाला लागेल त्यापेक्षा जास्त नत्र टाकलं तर मुरणाऱ्या पाण्याबरोबर ते खाली जाणारच. बांध हा पूर्ण इलाज नाही. खताची मात्रा आणि वेळ हा त्याचा दुसरा भाग आहे.

आता फुल्यांनी वळवाचंच नाव का घेतलं, ते बघा. चैत्र-वैशाखात शेतकरी उकिरडा उपसतो, शेणखताच्या गाड्या शेतात नेतो, ढीग टाकतो. जमीन नांगरलेली आणि उघडी असते, वर पीक नसतं. आणि तेव्हाच वळीव येतो. थोड्या वेळात धो-धो पाऊस, मोठे थेंब, जोराचा वारा. वर्षभरात माती सगळ्यात उघडी असते तेव्हाच सगळ्यात आडदांड पाऊस पडतो. ढीग तसेच पडून असतील किंवा खत नुसतं पसरलेलं असेल, तर त्यातला विरघळणारा भाग पहिल्या पाण्यातच निघून जातो. पुण्याच्या आसपास वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातल्या अशा चार-दोन सरीच बरंचसं नुकसान करून जातात.

मग नांगरावं की नांगरू नये?

इथे खरी अडचण सुरू होते. शेणखत मातीत मिसळलं तर पावसाने वाहून जाण्याची शक्यता कमी होते. पण मिसळायचं तर नांगर किंवा कुळव चालवावा लागतो. नांगरटीने माती मोकळी होते आणि मोकळी माती लवकर वाहते.

उलट, जमीन अजिबात न हलवता आधीच्या पिकाचे धसकटं-पाचट वर ठेवलं तर माती चांगली टिकते. पण अशा रानात खत वरच राहतं आणि त्यातला विरघळणारा स्फुरद पाण्याबरोबर जातो. विनानांगरणी शेती वाढली तिथे परदेशातही हा अनुभव आला. माती वाचली, पण नदीत जाणारा विरघळलेला स्फुरद तेवढा घटला नाही.

म्हणून उत्तर एका शब्दात देता येत नाही. उताराला आडवी नांगरट करायची. प्रत्येक तास मग छोट्या बांधासारखा पाणी धरतो. उताराच्या दिशेने नांगरलं तर तोच तास पन्हाळीसारखं काम करतो. खत पेरणीच्या जवळ आणून लगेच कुळवाने मिसळायचं. उकिरडा खड्ड्यात आणि झाकलेला ठेवायचा. पूर्ण कुजलेलं शेणखत वर्षानुवर्षं मिळालं की मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पाणी जास्त मुरतं आणि वाहतं कमी. त्यामुळे चुकीच्या वेळी वर पसरलेलं खत वाहून जातं आणि नीट मिसळलेलं खत मातीला वाहू देत नाही.

पुस्तक अडकलं

एवढं सगळं लिहिलेल्या असूडचं काय झालं? सत्यशोधकांच्या 'दीनबंधु' पत्रात पहिले दोन भाग छापून आले. पुढचे आले नाहीत. सरकारवरची टीका तिखट होती आणि छापायला हात धजले नाहीत. फुले नाराज झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना त्यांनी हे लेखन वाचून दाखवलं. पण बंधाऱ्यांचा भाग ज्यांच्या उपयोगाचा होता, त्या शेतकऱ्यांपर्यंत तो छापील रूपात तेव्हा पोहोचला नाही.

मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आले होते. त्यांच्यासाठीच्या मेजवानीला फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. इथे बसलेले दागिन्यांनी मढलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश बघायचा असेल तर खेड्यात या, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. काही काळाने अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी डाव्या हाताने लिहून पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

ते शेवटच्या आजारपणात असताना इंग्लंडचे कृषी रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर भारतातल्या शेतीची पाहणी करत होते. त्यांचा अहवाल १८९३ साली आला. भारतीय शेतकऱ्याला खताची किंमत कळत नाही असं नाही, पण सरपण मिळत नसल्याने त्याला शेण जाळावं लागतं, असा त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता. गावाजवळ सरपण आणि चाऱ्यासाठी राने राखावीत, असं त्यांनी सुचवलं. गायरानं परत द्या, ही फुल्यांची मागणी याच्या दहा वर्षं आधीची होती.

पिंपळे सौदागरचे तुकडे, मांजरीचे प्रयोग

फुल्यांच्या मागे दोन गोष्टी घडल्या, त्या याच परिसरातल्या आहेत.

पहिली पिंपळे सौदागरची. आज तिथे उंच सोसायट्या आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी ते पवनेकाठचं शेतीचं गाव होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली. त्यावरचं पुस्तक १९१७ साली आलं. १७७१ साली तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. तीही एका जागी नाही, विखुरलेल्या तुकड्यांत. निम्म्याहून अधिक तुकडे एकरापेक्षा लहान होते.

याचा मातीशी संबंध थेट आहे. पाणी सातबारा बघून वाहत नाही. वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात येतं. एकट्याने स्वतःच्या अर्ध्या एकरात बांध घातला आणि वरच्या चौघांनी घातला नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात त्याचाच बांध फुटतो. अख्खा उतार एकत्र धरावा लागतो. तो कोण धरणार? फुल्यांनी बंधाऱ्याचं काम एकेका शेतकऱ्याच्या गळ्यात न घालता सरकारकडे मागितलं, त्यातला व्यवहार इथे कळतो.

दुसरी गोष्ट मांजरीची. फुल्यांनी जिथे शेती केली, त्याच मांजरीत १९२३ साली कोरडवाहू शेतीचं सरकारी संशोधन सुरू झालं. एन. व्ही. कानिटकर हे त्यातलं मोठं नाव. मॅन यांच्या पाहण्यांतले ते सहकारी होते. १९३३ पासून सोलापुरात हे काम वाढलं. किती पाऊस पडला, त्यातलं किती पाणी वाहिलं आणि त्याबरोबर किती माती गेली, हे तिथे मोजलं जाऊ लागलं. यातून कोरडवाहू शेतीची एक पद्धत तयार झाली. बांधबंदिस्ती, दर तीन वर्षांनी एकदा खोल नांगरणी, शेणखत, पातळ पेरणी आणि वारंवार कोळपणी. नांगरट दरवर्षी खोल नको आणि बांध व शेणखत सोबत हवंच, हे त्यातलं सूत्र होतं.

१९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. उतारावरच्या अनेक शेतांसाठी मिळून बांधबंदिस्तीची सरकारी योजना राबवणं त्यामुळे शक्य झालं. असूड लिहून तेव्हा ५९ वर्षं झाली होती. पुढे राज्याच्या जल व भूमी संधारण अभियानाला आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

आज या पट्ट्यात काय चित्र आहे?

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. नंतर एमआयडीसी आली, १९८२ साली महानगरपालिका झाली, पुढे चाकणला वाहन कारखान्यांचा पट्टा तयार झाला. शेतं गेली, पण सगळी नाही. खेड तालुक्यात कांदा, बटाटा, भाजीपाला होतो आणि चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार अजून जोरात चालतो.

इथल्या नद्यांचं दुखणं मोठं आहे. इंद्रायणीवर फेस आणि पवनेवर जलपर्णी दिसली की फोटो लगेच व्हायरल होतात. त्यात शहरांच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा वाटा मोठा आहे, त्याचं खापर शेतकऱ्यावर फोडणं चुकीचं ठरेल. पण जलपर्णी नत्र आणि स्फुरदावर वाढते. ते मैलापाण्यातून आलं की युरियातून, हे तिला कळत नाही. पवना मुळा-मुठेतून, इंद्रायणी तुळापूरला आणि भामाही पुढे भीमेलाच मिळते. हे सगळं पाणी उजनी धरणात साठतं. तिथलं हिरवट पाणी म्हणजे वरच्या शेतांनी आणि शहरांनी मिळून पाठवलेलं खत आहे.

फुल्यांच्या काळात एवढंच दिसत होतं की वाहून गेलेलं सत्त्व वाया जातं. आता ते जिथे पोहोचतं तिथे पाणी नासवतं, हेही दिसतं. शेतात असेल तर खत, नदीत गेलं तर घाण. शेतकऱ्याचा खर्च आणि खालच्या गावांचं पिण्याचं पाणी, दोन्ही त्याच ओढ्यातून वाहून जातात.

प्लॉटिंगमुळे या पट्ट्यात आणखी एक गोष्ट होतेय. जुने बांध, ताली आणि ओढ्यांच्या वाटा सपाट केल्या जातात. विकलेल्या शेताचा बांध गेला की शेजारच्या न विकलेल्या शेतात पाणी जोराने घुसतं आणि माती घेऊन जातं. एक उतार मिळून सांभाळायचा असतो, हे पिंपळे सौदागरच्या तुकड्यांनी दाखवलेलं सत्य इथे पुन्हा समोर येतं. फरक इतकाच की आता वरच्या बाजूला शेतकरीच असेल असं नाही. तिथे गोदाम असू शकतं, पार्किंग असू शकतं.

अशा वेळी एकट्या शेतकऱ्याला आडवी नांगरट कर आणि उकिरडा झाक म्हणून सांगणं बरोबर आहे, पण पुरेसं नाही. ते त्याने करावंच, त्यात त्याचाही फायदा आहे. पण वरून येणारं पाणी अडवणं, ओढ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवणं आणि तळ्यातला गाळ शेतापर्यंत पोहोचवणं ही कामं ग्रामपंचायत, महापालिका आणि सरकार यांचीच आहेत. असूडमध्ये हे काम सरकारच्या खात्यावर लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षी वळीव पडण्याआधी या पट्ट्यातले किती बांध जागेवर उरतात, हे आता त्यांच्याच हातात आहे.